आकडे नसलेली सळई

पोलादाची एक गोल सळई. लांबी वीतभर, कधी फूटभर. एका टोकाला छोटा जबडा, बाजूचा स्क्रू फिरवून आवळता येणारा. सळईत पितळेचं एक वजन ओवलेलं; त्याचा स्क्रू सैल केला की ते पुढंमागं सरकतं, आवळला की जागेवर घट्ट बसतं. वस्तू एवढीच. तिला धार नाही, दाते नाहीत, हातात धरायला मूठ नाही. अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय घड्याळजीची पेटी उघडली तर कानशी, चिमटे, इवल्याशा ऐरणी, धनुकलीनं फिरवायचे छोटे लेथ हे सगळं हळूहळू ओळखू येतं. ही सळई मात्र जाणत्यांनाही अडवते. मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या घड्याळजीपुढं ती ठेवली, तरी तो ती उलटसुलट करून परत देण्याचीच शक्यता जास्त. जे काम तिचं होतं, ते त्याच्या टेबलावर कधी आलेलंच नसतं.

बघणाऱ्याचा पहिला अंदाज सहसा तराजूचा असतो. एका बाजूला सरकतं वजन असलेला एकदांडी काटा आपण धान्याच्या किंवा भंगाराच्या दुकानात पाहिलेला असतो, आणि तिथंही वजन सरकवूनच तोल साधतात. पण तराजूला लागणाऱ्या तीन गोष्टी इथं सापडत नाहीत. दांडी ज्यावर डोलेल ती धारदार टेकण नाही. माल अडकवायला आकडा किंवा पारडं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बहुतेक सळयांवर एकही रेघ नाही, अंक नाही. वजन सरकवून मोजायचं, पण किती सरकवलं हे वाचायची सोयच नाही, असं अवजार कुणी का करील? ही उणीव लक्षात ठेवू या. अनोळखी वस्तूबाबत माणसं तिच्यावर काय आहे तेवढंच पाहतात, पण काय असायला हवं होतं आणि नाही, हे पाहणाऱ्याला उत्तर लवकर सापडतं.

दुसरा अंदाज असतो मुठीचा. जबड्यात काहीतरी धरायचं आणि सळईनं फिरवायचं, जसं आटे पाडताना टॅप फिरवतात. मग वजन कशाला? नुसतं फिरवायचंच असेल तर एका बाजूला लोंबणारं पितळ ही अडचणच झाली.

अशा वेळी मी एक गोष्ट धरून चालतो: अवजार ही अर्धीच वस्तू असते. उरलेली अर्धी म्हणजे ते ज्या कामाला भिडायचं ते काम. म्हणून दोघांची गाठ जिथं पडत होती ती जागा आधी शोधायची. आपल्या सळईत ती जागा म्हणजे जबडा. भिंगातून पाहिलं की जबड्याच्या दोन्ही ओठांवर समोरासमोर काटकोनी खाचा दिसतात. ओठ मिटले की त्या खाचांचा मिळून एक चौकोन होतो. म्हणजे या जबड्यात गोल आस धरायची नव्हती, तार धरायची नव्हती, पत्रा धरायचा नव्हता. धरायचं होतं ते चौकोनी टोक.

जुन्या खिशातल्या घड्याळात बाहेरून पकड घेता येईल असं ठळक चौकोनी टोक म्हणजे किल्ली बसवायची जागा. मुकुट फिरवून चावी देण्याची सोय रुळण्याआधी प्रत्येक घड्याळासोबत एक सुटी किल्ली असे आणि ती या चौकोनावर बसवून चावी देत. आपली सळई तिथंच बसते. आता चित्र बदललं. चावीच्या आसावर आडवी सळई बसली, तिच्यावर आसापासून काही अंतरावर वजन. वजन खाली ओढणार, घड्याळाची कमान सळईला वर ढकलणार. सळई आडवी तरंगत राहिली तर दोन्ही जोर सारखे. तराजूचा पहिला अंदाज अगदीच वाया गेलेला नव्हता. फक्त डोलायची टेकण या अवजाराला स्वतःची नाही, ती घड्याळानं पुरवायची. आणि तोलायचं आहे ते सोनं किंवा औषध नव्हे, तोलायचा आहे कमानीचा पीळ.

चावीचा जोर तोलून पाहायची गरज कुणाला आणि का पडावी, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

वजनावर चालणाऱ्या घड्याळाला ही अडचण नसते. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधलं, लंडनच्या लंड अँड ब्लॉकली यांनी बनवलेलं घड्याळ घ्या. अशा मनोऱ्यावरच्या घड्याळात लोंबतं वजन पहिल्या तासाला जितकं ओढतं तितकंच शेवटच्या तासालाही ओढतं, कारण पृथ्वी दमत नाही. पण घड्याळ टेबलावर ठेवायचं किंवा खिशात घालायचं म्हटलं की वजन निरुपयोगी होतं. त्याच्या जागी गुंडाळलेली पोलादी पट्टी, म्हणजे कमान, आणावी लागते. ही कमान दमते. पूर्ण चावी दिल्यावर ती जोरात ढकलते आणि उलगडत जाईल तशी मवाळ होते. रॉबर्ट हूकनं १६७६ मध्ये कोड्याच्या अक्षरांत आणि १६७८ मध्ये उघडपणे मांडलेला नियम हेच सांगतो: जितका ताण, तितका जोर. सुरुवातीच्या घड्याळांची चाल या जोरावर फार अवलंबून होती. १६७५ मध्ये हायगेन्सनं घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बॅलन्स चक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडण्याची रचना पुढं आणली, त्याआधी तर चक्राला स्वतःचा असा ठेकाच नव्हता. ढकललं जाईल तसं ते फिरे. सकाळी चावी दिली की घड्याळ धावायचं आणि रात्री रेंगाळायचं.

यावर कारागिरांनी जो तोडगा काढला तो मला यंत्रांच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. कमान एका गोल डबीत बंद करायची. या डबीला बॅरल म्हणतात. तिच्या शेजारी एक शंकू उभा करायचा, त्याच्या अंगावर सर्पिल खाच कोरायची, आणि डबी व शंकू यांना एका दोरीनं जोडायचं. हा शंकू म्हणजे फ्यूझी. चावी देताना आपण शंकू फिरवतो, डबीवरची दोरी त्याच्या खाचेत गुंडाळली जाते आणि कमान पिळली जाते. पूर्ण चावी असताना दोरी शंकूच्या निमुळत्या टोकावरून ओढत असते. जोर भरपूर, पण त्रिज्या लहान. कमान सैलावत जाते तशी दोरी रुंद बाजूकडं उतरते. जोर कमी, पण त्रिज्या मोठी. दोहोंचा गुणाकार जवळजवळ सारखा राहतो आणि पुढच्या चक्रांना दिवसभर एकसारखा रेटा मिळतो.

ही युक्ती फार जुनी आहे. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात बर्गंडीचा ड्यूक फिलिप याचं म्हणून ओळखलं जाणारं एक घड्याळ आहे, सुमारे १४३० सालचं. त्यात फ्यूझी आहे. लिओनार्दो दा विंचीनं माद्रिदमध्ये असलेल्या आपल्या वह्यांत फ्यूझीची चित्रं काढली आहेत. या वह्या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या जागी पडून राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जगापुढं आल्या. ओळख न पटलेल्या वस्तूंमध्ये अवजारंच असतात असं नाही. जर्मन कारागिरांनी सोळाव्या शतकात दुसरा एक मार्ग काढला होता. ते वेड्यावाकड्या कडेच्या चकतीवर एक जाड स्प्रिंग दाबून धरत आणि तिच्या घर्षणानं कमानीचा सुरुवातीचा उतावळेपणा आवरत. जोर वाया घालवणारी ती रचना मागं पडली, फ्यूझी टिकली. सुरुवातीला तिच्यावर आतड्याची तात होती. सतराव्या शतकात पोलादी साखळी आली, सायकलच्या साखळीसारखीच दुव्यादुव्यांची, पण इतकी बारीक की दुवे मोजायला भिंग लागतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बायका आणि लहान मुली या साखळ्या घरी आणि गरीबखान्यात बसून जोडत. त्या कामानं डोळे खराब होत. संग्रहालयातल्या झळझळीत घड्याळापुढं उभं राहताना त्या मुली मला आठवतात.

आता सळईकडं परत येऊ. फ्यूझीची कल्पना सुंदर असली तरी कागदावरचा शंकू आणि प्रत्यक्षातली कमान यांचं जमेलच असं नाही. प्रत्येक कमानीचं पोलाद वेगळं, पाणी देणं वेगळं, जाडी केसभर वेगळी. एका कमानीला साजेसा कोरलेला शंकू दुसरीला साजत नाही. कमान तुटली आणि नवी घातली की जुळणी पुन्हा तपासावी लागे. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही आणि बोटांनाही एवढा बारीक फरक कळत नाही. त्यासाठी ही सळई.

घड्याळजी इतर चक्रं काढून ठेवी आणि दोन पाट्यांच्या मध्ये फक्त डबी, साखळी आणि फ्यूझी एवढंच बसवी. चावीच्या चौकोनावर सळईचा जबडा आवळी. घड्याळ उभं धरलं की आस आडवी येई आणि सळई बाहेर झुके. सळईनंच थोडी चावी द्यायची, मग वजन असं सरकवायचं की सळई आडवी, स्थिर राहील. वजनाचा स्क्रू आवळायचा. इथून पुढं वजनाला हात लावायचा नाही. आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा आणि पाहायचं: सळई आडवी राहते का? मग तिसरा फेरा, चौथा. प्रत्येक फेऱ्यावर ती आडवीच राहिली तर शंकू आणि कमान यांचं जुळलं. शेवटच्या फेऱ्यांना कमान सळईला वर उचलू लागली तर पूर्ण चावीवर जोर जास्त होतोय. अशा वेळी कमानीला मुळातच थोडा जास्त पीळ देऊन ठेवायचा. डबीच्या आसावर त्यासाठी दातेरी चक्र आणि खुंटी, किंवा जुन्या घड्याळांत मळसूत्री स्क्रू असे. हा पायाभूत पीळ वाढला की सुरुवातीच्या आणि शेवटच्या जोरातली तफावत कमी होते. उलट, शेवटी सळई खाली पडू लागली तर तो पीळ कमी करायचा. दोन्ही टोकं जुळली आणि मधलाच एखादा फेरा चुकत असेल, तर मात्र पिळानं भागत नाही. कमान बदलायची किंवा शंकूच्या खाचेला हात घालायचा. या सगळ्या वेळात सळई सोडायची सोय नाही. हात निसटला तर कमान झपाट्यानं उलटी फिरते आणि पितळेचं वजन बोटांवर आदळतं. बारीक साखळीचं काय होईल ते सांगायला नको.

रेघा आणि अंक का नाहीत, याचं उत्तर या कृतीतच आहे. जोर किती ग्रॅमचा, हा घड्याळजीचा प्रश्नच नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की पहिल्या फेऱ्याला जेवढा, तेवढाच चौथ्याला आहे ना. तुलनेला मोजपट्टी लागत नाही. काही सळयांवर रेघा सापडतात, काहींना जबड्याच्या मागल्या बाजूलाही वजन असतं, पण कामाला त्यांची गरज नव्हती.

मग ही ओळख पुसली कशी गेली? अवजार कधी गुप्त नव्हतं. आंत्वान थिऊनं १७४१ मध्ये पॅरिसमध्ये घड्याळविद्येवर मोठा ग्रंथ छापला, त्यात घड्याळजींच्या अवजारांची चित्रं पानोपानी आहेत. फेर्दिनां बेर्थूचा ग्रंथ १७६३ चा. दिदरोच्या ज्ञानकोशाच्या चित्रखंडांतही घड्याळजीच्या कामाला भरपूर जागा आहे. इंग्लंडमध्ये प्रेस्कॉटचा जॉन वाइक पुढं लिव्हरपूलला आला आणि त्यानं घड्याळजींच्या अवजारांची सचित्र विक्रीसूची काढली. गिऱ्हाइकानं चित्र पाहून मागणी करावी यासाठी काढलेली ती सूची आज आपल्यासाठी ओळखपत्रांचा गठ्ठा झाली आहे. विसाव्या शतकात थिओडोर क्रॉम यांनी १७०० ते १९०० या काळातल्या घड्याळकारखान्यांतल्या अवजारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. म्हणजे चित्रं होती, नावं होती.

संपलं ते काम. १७६० च्या दशकात फ्रान्समध्ये झां-आंत्वान लेपीननं फ्यूझी काढून टाकून पातळ घड्याळाची रचना केली. दाते थेट डबीवरच. स्विस कारागिरांनी हा मार्ग उचलला. कमानीचं पोलाद सुधारलं, तिच्या मधल्याच फेऱ्यांचा उपयोग करायची युक्ती निघाली, आणि नव्या रचनांची चाल जोरातल्या चढउतारानं फारशी बिघडेना. इंग्रज मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फ्यूझीला चिकटून राहिले, आणि त्याची किंमत त्यांच्या घड्याळधंद्यानं मोजली असं माझं मत आहे. जाड, महाग, साखळी तुटणारी घड्याळं ते बनवत राहिले आणि बाजार स्वित्झर्लंड-अमेरिकेकडं गेला. अवजाराला वारस मिळायचा तर त्याचं काम पुढच्या पिढीत असावं लागतं. फ्यूझी गेली तेव्हा सळई पेटीच्या तळाशी गेली, आणि पुढच्या उमेदवाराला ती कशी धरायची हे कुणी दाखवलंच नाही.

घड्याळजीच्या पेटीत अशी आणखी कोडी असतात, आणि गाठीची जागा शोधण्याची रीत तिथंही उपयोगी पडते. बिजागरीनं जोडलेल्या दोन पितळी चौकटी, प्रत्येकीत समोरासमोर सरकणाऱ्या दोन बारीक सळया, आणि चौकटींतलं अंतर बदलणारा एक स्क्रू असं अवजार दिसलं, तर सळयांची बाहेरची टोकं पाहावीत. ती सुईसारखी टोकदार असतात आणि सगळा अर्थ त्यांतच असतो. आतल्या टोकांमध्ये एक चक्र आणि त्याच्याशी जुळणारं छोटं दातेरी चक्र बसवून, दाते गुळगुळीत जुळेपर्यंत अंतर बदलायचं. मग तेच अंतर बाहेरच्या टोकांनी घड्याळाच्या पाटीवर ओरखडून घ्यायचं आणि तिथं भोकं पाडायची. आतली टोकं तपासतात, बाहेरची लिहून ठेवतात.

दातेरी चक्रांना नीट आकार देणाऱ्या यंत्राची कर्तनचकती त्याहून चकवते. ती पूर्ण गोल नसते. कडेचा एक भाग मुद्दाम बाजूला वाकवलेला असतो. मोडकी समजून अशा चकत्या फेकून दिल्या जातात. खरं तर तो वाकच तिचं मर्म आहे: एका फेऱ्यात चकती दोन दातांमधली फट घासते आणि फेरा संपताना वाकलेला भाग पुढच्या फटीत शिरून चक्राला बरोबर एक दात पुढं सरकवतो. मोजणी आणि घासणी दोन्ही एकाच तुकड्यात.

आणि एखाद्या मापकावरचे आकडे इंचात बसत नाहीत, मिलिमीटरमध्येही बसत नाहीत असं झालं, तर जुनं फ्रेंच माप लावून पाहावं. एक लिन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर, त्याचा बारावा भाग ०.१८८ मिलिमीटर. घड्याळाच्या यंत्राचा आकार आजही लिन्यमध्ये सांगतात.

ठशांवर मात्र फार विसंबू नये. वॉरिंग्टनचा पीटर स्टब्ज खाणावळ चालवता चालवता कानशींचा मोठा उत्पादक झाला आणि त्याच्या मालावरच्या ठशाला घड्याळजींमध्ये मान होता. पण असा ठसा माल कुणी बनवला ते सांगतो, कशासाठी बनवला ते सांगत नाही. आणि अनेकदा ती अक्षरं मालकानं स्वतःच्या नावाची कोरलेली असतात, शेजारच्या टेबलावरच्यानं उचलू नये म्हणून.

जुनं अवजार हाती लागलं की बहुतेकांचा पहिला हात पॉलिश पेपरकडं जातो. कृपा करून तसं करू नका. जबड्याच्या आतल्या कडेवर पितळेची पिवळी झाक असेल, चौकोनाच्या कोपऱ्यांनी पाडलेले वळ असतील, वजनाच्या स्क्रूनं सळईच्या एकाच पट्ट्यात टोचे पाडलेले असतील. ते टोचे जिथं दाटले आहेत तिथं वजन सर्वाधिक वेळा उभं राहिलं, म्हणजे तेवढ्या जोराची घड्याळं त्या कारागिराकडं जास्त येत होती. चकाकी आणताना हे सगळं निघून जातं. गंज वाढू नये म्हणून तेलाचं बोट पुरेसं आहे. फोटो काढा तो तीन बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि जबडा उघडा व मिटलेला असा दोन्ही वेळा.

आपली सळई ओळखल्यावरही एक प्रश्न उरतो: कुठल्या घड्याळांची? त्याचं उत्तर मिटलेल्या जबड्यातला चौकोन मोजून मिळतं. खिशातल्या घड्याळांच्या किल्लीचे चौकोन साधारण एक ते दोन मिलिमीटरचे. जबडा त्याहून बराच मोठा चौकोन धरत असेल आणि वजनही भारी असेल तर टेबलावरची घड्याळं किंवा जहाजावरचे क्रोनोमीटर डोळ्यांपुढं आणावेत. समुद्रावर रेखांश काढायला लागणाऱ्या या क्रोनोमीटरांनी फ्यूझी सर्वांत जास्त काळ सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीनं नौदलासाठी मोठ्या संख्येनं बनवलेल्या २१ क्रमांकाच्या क्रोनोमीटरमध्येही साखळी आणि शंकू आहेत. १८२६ मध्ये उभ्या राहिलेल्या कुलाबा वेधशाळेच्या मूळ कामांत मुंबई बंदरातल्या जहाजांसाठी वेळ राखण्याचं काम होतं. तेव्हा मुंबईच्या चोरबाजारात जाड जबड्याची, जड वजनाची अशी सळई दिसली, तर आधी क्रोनोमीटरच्याच चौकोनावर बसवून पाहावी.